कारखान्यातली कुजबुज

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा तेच. मी जिना चढून वर गेले आणि सगळे गप्प! म्हणजे तोंडं हलत होती, पण आवाज नाही. मी दारात दिसले तशी तोंडंही थांबली. कटर टेबलावर वाकलेला, शिवणारी मावशी मशीनवर, आणि खालची काउंटरवाली म्हणे 'टेप घ्यायला' वर आलेली. टेप घ्यायला तिघांची परिषद कशाला लागते?

पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा कारखाना आहे माझा, बाँब बनवायचा नाही. कुजबुजण्यासारखं आहे काय इथे?

"काय चाललंय?" म्हटलं. त्यावर कटर म्हणाला – म्हणाला कसला, खेकसला – "काही नाही बाई! कापड मोजतोय!" असा ओरडला की खाली दुकानातलं गिऱ्हाईक दचकावं. मनातल्या मनात मी त्याला भोंगाच म्हणते. मावशीशी बोलताना, काउंटरवालीशी बोलताना आवाज कसा खाली असतो! मालकिणीशी तेवढा ठसका.

कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ५ मार्च

दाताच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाजावरूनच कळलं, चिडल्या आहेत. त्यांच्या दवाखान्यात काल लावलेले पडदे जमिनीवर लोळतायत. पेशंट पाय अडकून पडेल म्हणाल्या. त्यांनी म्हणे सात फूट सांगितले होते.

मी स्वतः फोनवर ऐकलंय – आठ! मीच लिहून घेतलं, मीच वर नेऊन दिलं. आता सात म्हणतात. एवढ्या शिकलेल्या बाईला सात आणि आठ कळू नये? का कोणी मध्ये फिरवलं त्यांना?

कटरला विचारलं. तो काय म्हणाला – "मी आलो होतो बाई विचारायला! खिडकी तेवढी नाही म्हणून! तुम्ही हो म्हणालात!" आला होता खरा. मशीनं चालू होती, काहीतरी बोलला, मी मान हलवली. म्हणजे माप चुकलंय हे ह्याला माहीत होतं, आणि तरी ह्यानं कात्री चालवली! चूक मालकिणीच्या गळ्यात पडू दे, मग मजा बघू – असंच ना?

पडदे परत आणले. मावशीनं मुकाट्यानं दुमड घातली.

गुरुवार, ७ मार्च

समोरच्या दुकानाच्या पायरीवर आमचा कटर. हातात चहा. शेजारी समोरचा मालक, दात काढून हसतोय. काल-परवा रंग लावून उघडलेलं दुकान – कानामागून आलं आणि तिखट झालं! आमच्यासारखेच पडदे, आमच्यासारखीच कव्हरं, आणि आता आमच्याच कटरला चहा.

मी काचेतून बघत होते. त्यानं मला बघितलं. हात केला! वर हात करायची हिंमत!

शनिवार, ९ मार्च

एक युक्ती केली. कटरला बाजूला, जिन्याच्या कोपऱ्यात बोलावलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "कोणाला बोलू नकोस. आपण परदेशी भरतकामाचं मशीन घेतोय." एक नंबरची थाप. असलं मशीन ठेवायला जागा तरी कुठे आहे! पण बातमी फक्त त्याला. फुटली, तर तोच फोडणारा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग जिन्यातून खाली बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. चेहरा कसनुसा. चोराच्या मनात चांदणं!

मंगळवार, १२ मार्च

फुटली! दुकान उघडत होते तर समोरचा मालक रस्ता ओलांडून आला. "काय बाई, भरतकामाचं मशीन घेताय म्हणे!" आणि हसला.

आता शंकेला जागाच नाही. मला अगदी गार वाटलं. राग नाही – उलट बरं वाटलं. इतके दिवस वाटायचं मीच उगाच संशय घेते.

दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन उभी राहिले. पलीकडे कटर आणि मावशी, माझ्यापासून हातभर अंतरावर. बोलत होते. मावशीचे हातवारे दिसत होते फटीतून. पण एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! इतक्या हळू बोलायची सवय कोणाला असते? ज्यांना लपवायचंय त्यांनाच.

मग मला शिंक आली. दोघं उडालेच. मी म्हटलं, "निळं कापड शोधत होते." तर तो ओरडला, "निळं इकडे आहे बाई!" – आणि माझ्या हातात निळा गठ्ठा आणून दिला. घेऊन खाली आले. काय करू त्या निळ्या कापडाचं?

शुक्रवार, १५ मार्च

आज हद्द झाली.

दुकानात एक नवरा-बायको आले होते. नवं घर, भरपूर खिडक्या – अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत. बाई बारीक आवाजाच्या. मी कापडं दाखवत होते. त्या म्हणाल्या जाडे हवेत. मी जाडे काढले. त्यांनी मान हलवली. मी आणखी जाडे काढले. त्यांचा नवरा हसायला लागला. तेवढ्यात कटर जिन्यावरून उतरला आणि सगळ्यांसमोर ओरडला –

"साधे, बाई! साधे म्हणतायत त्या! जाडे नाही!"

माझ्याच दुकानात. माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. जशी मी कोणी खुळी! कान तापले माझे. नवरा-बायको एकमेकांकडे बघून 'नंतर येतो' म्हणाले आणि गेले. समोरच्याकडेच गेले असणार.

काउंटरवाली बिचारी गोरीमोरी झाली. मला पाणी आणून दिलं. ती पोर कधी आवाज चढवत नाही. हसते, मान डोलावते, मी म्हणेन त्याला हो. अशी माणसं मिळत नाहीत.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "काढून टाकते त्याला." हे पेपर वाचत होते. रिटायर झाल्यापासून पेपर हीच नोकरी. पेपर खाली केला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं. वाटलं काहीतरी सांगतील. मग म्हणाले, "तुझा कारखाना. तू बघ."

बघतेच!

शनिवार, १६ मार्च

काढलं.

सकाळभर वाक्यं जुळवत होते. कारणं द्यायची, चढ्या आवाजात बोलायचं नाही, भांडण वाढवायचं नाही. माणसाला काढताना आपणच थरथरतो, हे कोणी सांगत नाही. मागे एका शिंप्याला काढलं होतं तेव्हा तो शिव्या देत गेला, ते सोपं होतं.

संध्याकाळी सगळे जायच्या बेतात असताना त्याला थांबवलं. मावशी मशीनवर कापड झाकत होती, तिला म्हटलं तूही थांब, साक्षीला. आणि बोलून टाकलं – गिऱ्हाइकांसमोर अपमान, समोरच्या दुकानाशी सूत, आतल्या बातम्या बाहेर. सोमवारपासून येऊ नकोस. जे काय द्यायचं होतं ते पाकीट टेबलावर ठेवलं.

वाटलं आता भोंगा वाजणार. तयारीत होते. पण तो काहीच ओरडला नाही. खाली बघत उभा राहिला. कापायच्या टेबलावरून हात फिरवला, चिंध्या झटकल्या. मग मान वर न करता, अगदी पुटपुटल्यासारखा म्हणाला –

"तुम्ही खोट्या आहात, बाई."

खोट्या! मी! जिनं ह्याच्या लग्नाला सुट्टी दिली, बायको आजारी होती तेव्हा अर्ध्या दिवसावर सोडलं, ती खोटी!

"चालता हो," म्हटलं.

त्यानं आपली कात्री फडक्यात गुंडाळली. मावशी मध्येच काहीतरी बोलायला लागली, तिलाही हातानं गप्प केलं. तो गेला. जिन्यावर पाय वाजले नाहीत त्याचे. चोरपावलांनी आला होता, चोरपावलांनी गेला.

छातीवरचा दगड उतरला. आता हा कारखाना माझा.

सोमवार, १८ मार्च

मौनव्रत! कारखान्यात गेले तर मावशी तोंड हलवते, काउंटरवाली तोंड हलवते, आवाज नाही. काही विचारलं की एकमेकींकडे बघतात. हा संप आहे. बिनआवाजाचा संप. त्यानंच शिकवून ठेवलं असणार.

मंगळवार, १९ मार्च

दिवसभरात माझ्याशी कोणी नीट एक वाक्य बोललं नाही. तो होता तेव्हा निदान ओरडत तरी होता.

गुरुवार, २१ मार्च

सोफ्याचं कव्हर उलट्या बाजूनं शिवलं. मावशी म्हणते, तुम्हीच 'उलटं' म्हणालात. मी 'सुलटं' म्हटलं होतं का? तिनं 'उलटं ना?' विचारलं आणि मी हो म्हटलं? आता माझं मलाच कळेना. कटर असता तर मध्येच गरजला असता. पण तो विषय संपला.

धाकट्या बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं – कुजबुज, समोरचा, मौनव्रत. ऐकून घेतलं तिनं. मग काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय?" पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, "नीट बोल ना, तू पण काय कुजबुजतेस!"

तशी किंचाळली. "ताई! मी ओरडतेय! मघापासून ओरडतेय! शेजारीण दारात येऊन उभी राहिली माझ्या! तू आधी कान दाखव कोणाला तरी!"

फोन ठेवून दिला मी. कानाला काय झालंय माझ्या? रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो, कुत्रं ऐकू येतं, भांडं पडलं तर ऐकू येतं. बहिणीलाही कोणीतरी फितवलंय की काय!

हे लिहिलं आणि वाचलं. बहिणीला कोण फितवणार? तिला तर कटर माहीतसुद्धा नाही.

सोमवार, २५ मार्च

कोणाला न सांगता गेले. कानाच्या डॉक्टरांकडे एक लहानशी खोली आहे, जाड दरवाज्याची. आत बसवलं, कानांवर मोठाले कानझाके घातले, हातात बटण दिलं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी. म्हणाली – खुणेनंच – आवाज आला की दाबा.

आला. दाबलं. आला, दाबलं. सोप्पं! मनात म्हटलं, आता बहिणीला सांगते.

मग थांबलेच ते लोक. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. त्यांचं काही सुरूच होईना. वाटलं यंत्र बिघडलं. काचेतून बघितलं तर ती मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात चालू होता. सारखा चालू होता.

थोड्या वेळानं दार उघडून ती आत आली आणि कानझाके काढून म्हणाली, "झालं."

"पण तुम्ही आवाज सोडलेच नाहीत," म्हटलं मी.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच.

डॉक्टर समजावून सांगत होते. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. 'स' जातो, 'ख' जातो, शब्दांच्या कडा जातात. मग उरलेल्या आवाजावरून डोकं आपल्या मनचा शब्द बसवतं. म्हणाले, "माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय, लोकच पुटपुटतायत."

सात. आठ. साधे. जाडे.

परत येताना रस्त्यावर सगळ्यांची तोंडं हलत होती. मी खाली बघून चालले.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वय झालं की होतंच. मशीन लावलं की झालं." आणि पेपर उलटला. मला वाटलं होतं घाबरतील, निदान 'अरेच्चा' तरी म्हणतील.

गुरुवार, २८ मार्च

कानात मशीन. केस पुढे घेतले की दिसत नाही.

जग केवढं खरखरीत आहे! पिशवी चुरचुरते. चप्पल बोलते. कारखान्याच्या जिन्याची एक पायरी करकरते, मला वाटलं आज मोडली, तर मावशी म्हणाली कित्येक वर्षं करकरतेय.

मावशी म्हणाली, आणि मला ऐकू आलं! शिलाईमशीनच्या घरघरीतसुद्धा. मी केस बाजूला करून कान दाखवला. तर ती रडायलाच लागली. काउंटरवाली वर धावत आली. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मी म्हटलं, एकेक बोला ग बायांनो, मला आता ऐकू येतंय!

भरतकामाच्या मशीनचं विचारलं. काउंटरवालीनं ओठ चावला. "बाई, तुम्ही जिन्यात त्यांच्या कानात सांगत होतात ना, ते खाली फुटपाथपर्यंत ऐकू आलं. समोरचे मालक आमच्या दारातच उभे होते."

हसू का रडू! गुपित सांगायला मीच दवंडी पिटली.

मग मावशीनं ते सांगितलं. डोळे पुसत, मशीनवर हात ठेवून. "त्या दिवशी तो 'खोट्या' नाही म्हणाला, बाई. 'मोठ्या' म्हणाला. तुम्ही मोठ्या आहात, बाई – असं म्हणाला. पुढे म्हणायचं होतं त्याला काहीतरी. तुम्ही चालता हो म्हणालात."

मोठ्या आहात.

एकच दिवस तो माझ्याशी हळू बोलला.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" विचारलं. दोघींनी माना हलवल्या. "मग एकीनंही सांगू नये?"

मावशी म्हणाली, "सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं?"

तिनं मशीन सुरू केलं.

मंगळवार, २ एप्रिल

कटरकडे जाऊन आले.

समोरच्या दुकानात नाहीच तो. कधीच नव्हता. समोरच्यानं चहा पाजला, नोकरीचं विचारलं, ह्यानं नाही म्हटलं. हे खुद्द समोरच्यानंच सांगितलं मला, आणि पत्ताही त्यानंच दिला. ज्याच्या नावानं मी इतके दिवस दात खात होते, तो मला हाताला धरून रस्ता ओलांडून देत होता!

कटर आता गाड्यांच्या सीटची कव्हरं कापतो. एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड. मी दारात उभी राहिले तेव्हा तो दुसऱ्या कामगाराशी बोलत होता. मऊ, खालचा आवाज. मला आधी वाटलं दुसराच कोणी आहे.

मला बघितल्याबरोबर छाती भरून घेतली आणि गरजला, "बाई! तुम्ही इकडे!"

"हळू," म्हटलं. "ऐकू येतंय मला." केस बाजूला केले.

त्यानं मशीन बघितलं. मग श्वास सोडला. असा, जसं डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं. स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

म्हटलं, "तू 'मोठ्या' म्हणाला होतास."

"हो."

"पुढे काय म्हणणार होतास?"

"तुम्ही मोठ्या आहात बाई, तुम्हाला मी काय सांगणार, असं. म्हणजे कानाचं. सांगायचं होतं, पण जमेना."

माफी मागितली मी. उभ्या उभ्या, त्या दुसऱ्या कामगारासमोर. काढलं तेव्हा साक्षीदार ठेवला होता, तर आता का नको? तो नुसता टेबलावरून हात फिरवत राहिला. मी म्हटलं, परत ये. उद्यापासून ये. तुझं टेबल तसंच आहे.

"नको, बाई."

मग तोच म्हणाला, जरा हसून, "रागानं नाही म्हणत. पण घसा दुखायचा हो माझा. घरी जाऊन बायकोशी बोलायलासुद्धा आवाज उरायचा नाही. पोरीला वाटायचं बाबा रागावलाय. इथे बरं आहे. हळू बोलता येतं."

बरोबर होतं त्याचं.

निघताना विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "जाऊ द्या ना बाई."

"मला आता सगळं ऐकू येतं. सांग."

"साहेबांनी."

"कोण साहेब?"

"आपले साहेब. तुमचे." आवाज आणखी खाली आला, तरी ऐकू आलं. "तुम्ही बहिणीकडे गेला होतात गेल्या वर्षी, तेव्हा आले होते कारखान्यात. आम्हाला तिघांना बोलावलं. म्हणाले, हिला कमी ऐकू येतं. तिला कळू देऊ नका. बोलायचं ते मोठ्यानं बोला, निभावून न्या. कळलं तर हाय खाऊन घरी बसेल." मग जरा घुटमळला. "हसत म्हणाले, ती घरी बसली तर माझं काही खरं नाही."

गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. प्रत्येक ठोका कानात घुसत होता.

"मला काढलंत त्या दिवशी मी फोन केला होता त्यांना," कटर म्हणाला. "म्हटलं, साहेब, आता तरी तुम्ही सांगा बाईंना. नोकरी गेली माझी."

"मग?"

"बघतो म्हणाले."

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी ह्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली. साध्या आवाजात, एकदाच. स्वच्छ ऐकू आली.

मी ओ दिली नाही.